मुराळ्याचं पेट्रोल

मु. पो. तुझं माहेर, जि. नगर
(जिल्ह्याचं नवं नाव लिहायची हाताला अजून सवय नाही.)
दि. २२ जून २०२५

चि. सौ. भागीरथीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. भागवतरावांना नमस्कार आणि तुझ्या पंकजला आशीर्वाद, ज्याचे त्याला वाटून दे. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जास्त चालतं, तेव्हा काळजीचं कारण नाही. मुगाची पेर झाली. तुमच्याकडं भाताची रोपं कुठवर आली ते कळव.

परवा फोनवर तू बोललीस ते मनाला लागलं, म्हणून कागद घेतला. म्हणे, दादा, यंदा पंचमीला दगदग करू नको, पंकज मला गाडीतून आणून सोडील. भागे, हे तू बोललीस? लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी आपल्या आबांची राजदूत मोटारसायकल घेऊन राजूरला आलो, तेव्हा तू पिशवी भरून सकाळपासून ओट्यावर बसली होतीस. तुझ्या सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, नगरवाले काही येत नाहीत आता. मी गाडी थेट ओट्याला नेऊन लावली होती. तेव्हापासून करोनाची तेवढी सोडली तर एक पंचमी चुकली नाही. माहेरवाशिणीला न्यायला भावानं जायचं, मुराळी म्हणतात ते त्यालाच. भाऊ असताना लेकाच्या गाडीतून माहेरी यायचं म्हणजे मी काय भिंतीवरच्या फोटोत गेलो का?

फोनवर मी गप्प बसलो, कारण फोनवर तू आवाजावरून सगळं ओळखतेस. कागदावर मला निवांत भांडता येतं.

आता अडचण सांगतो. अडचण माझी नाही, गाडीची आहे. खरं म्हणशील तर गाडीचीही नाही, पेट्रोलची आहे. आजकाल पंपावर जे मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. नव्या गाड्यांना ते चालतं म्हणतात, चालू दे बिचाऱ्यांना. आपली राजदूत आबांच्या काळातली. तिच्या रबरी नळ्या फुगून मऊ पडल्या, कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरला, टाकीच्या तळाला पाणी साठून गंज चढला. किक मारून मारून पोटऱ्या भरून येतात, मग कुठं ती खोकत उठते आणि ऐन चढाला मान टाकते. ती एकटीच नाही, शेजारच्या बजरंगचा फवारणीचा पंप आणि गवत कापायचं मशीनही याच दुखण्यानं बसलंय.

आणि गंमत बघ. मी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली. उसाच्या मळीपासून हेच तर करायचो आम्ही. टँकर भरून गेटबाहेर पडला की छाती फुगायची. तो फिरून माझ्याच टाकीत येऊन बसेल असं कुणाला वाटलं होतं! वहिनी म्हणते, तुमचंच पाप तुमच्या दारात आलं. मी म्हटलं, पाप नव्हे, पगार होता तो, त्यावर तुझ्या पाटल्या झाल्यात. मग दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

मागल्या महिन्यात केडगावच्या रस्त्याला गाडी अशीच मध्ये बंद पडली आणि मी गाडीसकट रस्त्याकडेच्या चारीत गेलो. वहिनीनं तुला तिखटमीठ लावून सांगितलं असेलच. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. इंजिन बंद पडलं, ताबा सुटला, बस्स. वस्तीवरच्या रंगुबाई तिथंच होत्या. त्यांना विचार हवं तर, त्याही हेच सांगतील.

गहिनीनाथ आठवतो ना? माझ्या वर्गातला, पावसाळ्यातसुद्धा टोपी न घालणारा. केडगावला त्याचं गॅरेज आहे. त्यानं गाडी उघडून बघितली. नळ्या बदलतो, टाकी धुतो, कार्बोरेटर साफ करतो म्हणाला, पण पुन्हा तेच पेट्रोल ओतलं तर पुन्हा तेच रडगाणं. जुन्या गाडीला इथेनॉल नसलेलं पेट्रोल पाहिजे. ते कुठं मिळतं ते त्यालाही ठाऊक नाही.

तर ते मी हुडकणार. नागपंचमी २९ जुलैला आहे, वेळ पुष्कळ आहे. पंकजला सांग, गाडी धुऊन ठेवायची गरज नाही.

तुझा मुराळी,
दादा


दि. ८ जुलै २०२५

चि. भागीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. भाताच्या आवणीच्या चिखलातून येऊन लिहिलंस ते कागदावरच्या बोटांच्या ठशांवरून कळलं. अंगणवाडीच्या पोरांची वजनं घ्यायला तू अजून त्या घाटातून स्कूटी पळवतेस हे वाचून वहिनीनं कानाला हात लावले. मला बाकी बरं वाटलं.

तू विचारलंस की माझ्या ओळी कागदाच्या कडेपर्यंत जाऊन खाली का घसरतात. अगं, मी गुडघ्यावर पाट घेऊन लिहितो, तो हलतो. डोळे तपासले का, हेही विचारलंस. तपासले. नंबर थोडा वाढलाय. झालं समाधान? आता पेट्रोलचं ऐक.

नगरमधला एक पंप सोडला नाही. सावेडी झाली, एमआयडीसी झाली, केडगाव झालं. रिक्षानं फिरलो, कारण गाडी गहिनीनाथकडं उघडून पडली होती. इथेनॉल नसलेलं आहे का म्हटलं की पोरं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघतात. एकानं तर विचारलं, आजोबा, दारू सोडली का तुम्ही? मी म्हटलं, धरलीच कधी होती, मी फक्त बनवायचो.

एक बहाद्दर म्हणाला, आमच्याकडचं साधंच आहे, घेऊन जा. मी मुकाट घेतलं आणि गॅरेजात येऊन परीक्षा केली. कारखान्यात शिकलेली गोष्ट. काचेच्या उंच नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, वर पेट्रोल ओतायचं, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ खुणेच्या वर सरकते. बघता बघता रेघ वर चढली. गहिनीनाथ म्हणाला, बहाद्दरानं तुला गंडवलं.

मग माझ्या डोक्यात आलं की इथेनॉल पाण्यात उतरतंच, तर सगळं पेट्रोलच धुऊन घेऊ. भांडं काही सापडेना, म्हणून तुझ्या वहिनीची दुधाची किटली घेतली. गहिनीनाथ नको म्हणत होता. मी आपला गोठ्याच्या मागं बसून पेट्रोल घुसळतोय, पाणी खालून काढतोय. निम्मं सांडलं, आणि उरलं त्यात कुठंतरी पाणी राहून गेलंच. गहिनीनाथनं दुरुस्त करून घरी आणून दिलेल्या गाडीनं ते दोन घोट घेतले आणि थुंकून टाकले. किटली मी राखेनं तीनदा घासून जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी डेअरीवाल्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळ्यांसमोर दूध परत पाठवलं. वहिनी किटली घेऊन घरी आली तेव्हा मी वर पत्र्यावर मिरच्या वाळत घालायला गेलो. मिरच्या नव्हत्या, पण गेलो.

आठ दिवस बोलणं बंद होतं. आता बोलते, पण टोमण्यातच. मी सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन गाडी पुसतो, तर म्हणते, माझ्याकडं जन्मात एवढं बघितलं नाही कधी. बोलू दे.

बातमी चांगली आहे. गहिनीनाथकडं जुनी बुलेट घेऊन येणाऱ्या एका माणसानं सांगितलं की शंभर ऑक्टेनचं म्हणून एक महागडं पेट्रोल असतं, त्यात इथेनॉल नसतं म्हणतात. मला नगरात ते कुठं गावलं नाही, पुण्याला मिळतं. सुट्टं आणावं म्हटलं तर कॅनमध्ये द्यायला पंपवाले तयार नाहीत, आणि यष्टीत पेट्रोल घेऊन बसू देत नाहीत. मग बजरंगनंच तोडगा काढला. तो पुढच्या आठवड्यात टेम्पो भरून कांदा घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात चाललाय. गाडीच टेम्पोत चढवायची म्हणाला. ढोराला पाण्यावर न्यावं तसं राजदूतला पेट्रोलवर नेऊ. हसू नको. आम्ही नेणार आहोत.

हे सगळं कशासाठी करतोय ते तुला ठाऊक आहे. पुढच्या गोष्टी मी कधी कुणाला सांगितल्या नाहीत, वहिनीलाही नाही. हिवरे बाजारचा फाटा गेला की तो मोकळा माळ लागतो. दर पंचमीला तिथं मी गाडी थांबवायचो, तू पुढं बसायचीस आणि मी मागं. तुझा पदर खोचून दिला की तू अशी सुटायचीस की माझी टोपी मला हातात धरावी लागायची. आणि वेशीच्या अलीकडं, ओढ्याच्या पुलापाशी, पुन्हा अदलाबदल. गावानं बघायचं ते हेच की कल्याण आपल्या बहिणीला घेऊन आला. पन्नाशी उलटली तरी आपण पोरांसारखे पुलाखाली डोकावून बघायचो, कुणी आहे का. गेल्या पंचमीला तू उतरताना म्हणालीस, दादा, हा माळ लवकर संपतो. तो संपतोच लवकर.

यंदाही ते सगळं व्हायचंय. म्हणून पेट्रोल पाहिजे.

वहिनी नमस्कार सांगते. माझ्याशी धड बोलत नसली तरी तुला सांगते.

तुझा,
दादा


दि. २० जुलै २०२५

प्रिय भागी,

खूप आशीर्वाद. हे पत्र भागवतरावांना वाचून दाखवायचं असेल तर दाखव, पण आधी एकदा एकटीनं वाच.

आधी पुण्याचं सांगतो. राजदूत कांद्याच्या गोण्यांच्या मध्ये दोरीनं बांधली, मी आणि गहिनीनाथ बजरंगच्या शेजारी बसलो. यार्डात कांदा उतरवला आणि मोकळा टेम्पो घेऊन त्या पंपावर गेलो. फळी लावून गाडी खाली घेतली तर पंपावरची माणसं जमा झाली. टाकीच्या टोपणावरून कांद्याची टरफलं निघाली. एका पोरानं फोटो काढला. मी त्याला म्हटलं, नीट काढ, बहिणीला दाखवायचाय.

टाकी भरायच्या आधी नळीत थोडं घेऊन बघितलं. हलवलं, उभं धरलं, आम्ही तिघं त्या नळीत डोळे घालून बसलो. पाण्याची रेघ जागची हलली नाही. भागे, मला काय आनंद झाला म्हणून सांगू. टाकी भरली, टू-स्ट्रोकचं तेल मोजून घातलं. एका किकमध्ये उठली! तो जुना आवाज, खोकला नाही, अडखळ नाही. आबा सकाळी दूध घालायला निघायचे तेव्हा यायचा तसा आवाज.

गहिनीनाथ म्हणाला, आता टेम्पोत कशाला चढवायची, चालवत घेऊन जा नगरला, मी मागं बसतो. मी म्हटलं, पुण्याची गर्दी लई. तो म्हणाला, मग शिक्रापूरच्या पुढं घे. मी म्हटलं, आज नको, पाठ धरलीय. तो प्लग एकदा बघून घेतो म्हणाला आणि गाडीची हत्याराची पेटी उघडली. पान्याच्या खाली फडक्यात गुंडाळलेली औषधाची बाटली होती. डोळ्यात घालायच्या थेंबांची. सोबत डॉक्टरची चिठ्ठी होती.

त्यानं ती वाचली, पुन्हा तशीच गुंडाळली आणि पेटी बंद केली. बजरंगसमोर चकार शब्द काढला नाही. गाडी टेम्पोत चढवली. केडगावला गॅरेजपाशी गाडी उतरवून झाली, बजरंग गेला, मग माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला,

"कल्याण, पेट्रोल तर गावलं. आता चालवणारा हुडक."

भागे, मला काचबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांना.

समोरचं लख्ख दिसतं. तुझं पत्र मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचतो. पण दोन्ही बाजूंचं गेलंय. ओळ कडेला गेली की मला कागद कुठं संपतो ते कळत नाही. पाट हलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, राहिलेली थेंब घालून राखायची, आणि दुचाकीला हात लावायचा नाही. म्हणून बाटली गाडीच्या पेटीत ठेवली, वहिनीला दिसू नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ गाडी पुसायला जायचो तो थेंब घालायला.

आणि केडगावच्या रस्त्याला इंजिन बंद पडलं नव्हतं. तेवढ्यापुरती ती बिचारी चांगली चालली होती. रंगुबाई डोक्यावर घासाचा भारा घेऊन माझ्या डाव्या बाजूनं चालल्या होत्या. मला त्या दिसल्याच नाहीत. हँडल त्यांच्या हाताला लागलं, त्या एकीकडं पडल्या, मी चारीत गेलो. उठून मी पहिलं काय बोललो असेन? पेट्रोल खराब हाय, गाडी बंद पडली. त्यांचा हात सुजला होता, आणि त्या मलाच म्हणाल्या, "व्हय बाबा, आताचं पेट्रोलच वंगाळ." वस्तीभर हेच सांगत फिरल्या. त्या सांगत होत्या आणि मी मान हलवत होतो.

पेट्रोलनं गाडी बिघडवली हे खोटं नाही. पण मी त्याच्या आड लपलो. मनात म्हणायचो, चांगलं पेट्रोल मिळालं की सगळं पहिल्यासारखं होईल. नळीतली ती रेघ जागची हलली नाही तेव्हा माझ्याकडं कारणच उरलं नाही. माझ्या मनात सारखं येतं, मी तसाच आलो असतो, तुला मागं बसवलं असतं आणि त्या चंदनापुरीच्या घाटात डाव्या अंगाला काही आलं असतं तर? रात्र रात्र झोप नाही मला. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं गं.

परवा वहिनीला सांगितलं. वाटलं, किटलीपेक्षा मोठं भांडण होणार. ती भांडली नाही. गाडी गॅरेजात ठेवल्यापासून बाटली मी गोठ्यात लपवली होती, ती तिनं आणली आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवली. आता वेळ झाली की मला पलंगावर आडवा पाडते आणि स्वतः थेंब घालते. नेम चुकतो तिचा, निम्मं औषध गालावर जातं. काल रंगुबाईंकडंही जाऊन आलो. खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं गेले असते. आणि चहा ठेवला.

आता पंचमीचं.

पंकजच्या गाडीतून यायचं नाही, त्यात बदल नाही. मुराळी मीच. पण यंदा मुराळी यष्टीनं येणार. २७ तारखेला दुपारपर्यंत राजूरला पोचतो, रात्री तुमच्याकडं राहतो, भागवतरावांशी दोन डाव पत्ते हरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं यष्टीनं नगरला. तिथून रिक्षानं केडगावला गहिनीनाथच्या गॅरेजात. राजदूत तिथं उभी आहे, टाकी गच्च भरलेली. त्यातला एक थेंब कुणी जाळलेला नाही. गहिनीनाथ रोज एकदा नुसती किक मारून आवाज ऐकतो, तेवढं त्याला माफ.

केडगावपासून पुढं तू चालवायचीस.

घाटातून स्कूटी पळवणाऱ्या बाईला मी गिअर शिकवत बसणार नाही. फक्त दुसरा गिअर जरा जड पडतो, ते माझ्यापेक्षा तुलाच जास्त ठाऊक आहे. मी मागं बसेन, तुझी पिशवी मांडीवर घेऊन. डावी-उजवीकडचं तू बघ, समोरचं मी सांगत जाईन, न विचारता. सवय आहे मला.

हिवरे बाजारच्या फाट्यावरून वळसा घालू, म्हणजे आपला माळ चुकणार नाही; तो लागला की पळव हवी तेवढी. टोपी मी घरीच ठेवून येणार आहे. आणि एक ऐक, ओढ्याच्या पुलापाशी थांबायचं नाही. पुलाखाली डोकवायचं नाही. यंदा अदलाबदल नाही. वेशीतून तूच चालवत ये. पारावर सगळे बसलेले असतील, बजरंग असेल, रंगुबाई असतील, बघू दे त्यांना. कुणी विचारलं तर मी सांगेन की बहिणीनं मला माहेरी आणलं.

एवढं महागाचं पेट्रोल मी तुझ्यासाठीच आणलंय असं समज. खरं तर तसंच आहे, मला उशिरा कळलं.

सकाळपासून ओट्यावर बसू नको. यष्टी दुपारी पोचते.

तुझा मुराळी,
या वर्षीपासून मागच्या सीटवरचा,
दादा